सूचक

फॉर्मवर सही करायला पेन तिनंच पुढे केलं.
मंदाताई भावसार. सव्वीस वर्षं बालवाडीत,
अर्ध्या पेठेला 'अ' तिनंच गिरवायला शिकवला,
त्यांनाही, जे आता काच खाली करून बोलतात,
गाडीतून उतरत नाहीत.
अपक्षाला पाच सूचक लागतात म्हणाली,
चार झाले.
मी मागाच्या खड्ड्यात बसलो होतो,
पदरावरच्या मोराला अजून मान यायची होती.

आमच्या प्रभागात निवडणूक होत नाही.
म्हणजे तारीख लागते, गुलालाची पोती येतात,
बँडवाल्याला आगाऊ पैसे पोचतात,
मतदान तेवढं येत नाही.
बिनविरोध.
हा शब्द येवल्यात पेढ्यासारखा वाटतात,
तोंडात पडला की बोलता येत नाही.
धाकट्याच्या बोटाला विधानसभेची शाई लागली एकदा,
गावाची अजून नाही.
गटाराचं काँक्रीट भाऊंच्या साडूच्या दारापर्यंत आलं
आणि तिथं थांबलं, सात वर्षं झाली,
त्यालाही कुणी विरोध केला नाही.

पहिल्या दिवशी मामा आले.
चहा घेतला, बशी पालथी घातली, म्हणाले,
आपलीच माणसं आहेत रे.
दुसऱ्या दिवशी शेठचा मुनीम.
रेशीम या खेपेला जरा उशिरानं येईल,
जरीचंही बघावं लागेल,
आणि उठता उठता,
तू कशाला आडवा जातोस?

तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही.
त्या रात्री बायकोनं कडी दोनदा तपासली.
सही माझी नाही, एवढंच लिहून द्यायचंय म्हणतात,
ती अंधारात म्हणाली, एकच ओळ.
मी म्हटलं, हं.
ती म्हणाली, देणार आहेस का?
मी म्हटलं, तिनंच सही शिकवली मला,
तिच्यापुढे ती माझी नाही कसं म्हणू?
त्यावर ती हसली की काय, कळलं नाही.

मला राजकारणातलं फार कळत नाही.
ताणा कळतो.
हजारो धागे, सगळे एकाच दिशेनं,
ताठ, शिस्तीत, दिसायला देखणे,
आणि हात घातला तर आरपार जातो.
त्याला कुणी कापड म्हणत नाही.
मुनीमजी, मी दिवसभर आडवाच जातो.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
त्याचीच मजुरी देता तुम्ही मला.
हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी
पाणी घेता का, असं विचारलं.

माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत होती.
मंदाताई कचेरीच्या पायरीवर बसली होती,
मांडीवर डबा, डब्यात थालीपीठ.
दोन पन्नासला एक फोन आला, तिनं घेतला नाही.
दोन सत्तावन्नला पुन्हा.
तीन वाजता तिनं डबा उघडला.
चिन्ह मिळालं कपबशी.

गुलाल त्यांचाच उधळला, ठरल्याप्रमाणे.
मंदाताईला मतं पडली एकशे त्रेचाळीस.
मी घरी येऊन बोटांवर मोजलं,
तिच्या घरची तीन, माझी चार,
बाकी सूचकांची मिळून बारा.
एकोणीस.
पुन्हा मोजलं. एकोणीसच.

मग हे एकशे चोवीस कोण?
सकाळपासून मी गल्लीत बघत फिरतोय.
दूधवाला मापावर थोडं जास्त घालतो, तो?
की दाढी करताना मुद्दाम आरशात न बघणारा
तो न्हावी, ज्याच्या भिंतीवर भाऊंचा फोटो आहे?
मामा?
काल मिरवणुकीत सगळ्यांत पुढे
कानापर्यंत लाल होऊन नाचणारा एक जण
माझ्या दारापाशी जरा हळू नाचला.

नको मोजूस, बायको म्हणते,
नजर लागेल.

रेशीम अजून आलेलं नाही.
मोराला मान झाली आहे,
डोळा राहिलाय.